दावेदार जातो, दावा उरतो का?
वैद्यकीय निष्काळजीपणाचे खटले, मृत्यूनंतरची तहकुबी आणि वारसांचा हक्क : एक आढावा

नांदेड, देगलूर, उदगीर किंवा किनवटच्या माणसाला मोठ्या आजारात मुंबई-पुण्याआधी हैदराबाद आठवते. अंतर कमी, आणि निजामाच्या काळापासूनची ये-जा. त्यामुळे हैदराबादच्या रुग्णालयांविषयीचे प्रश्न मराठवाड्यातल्या घरांचेही प्रश्न असतात. त्यांतला एक प्रश्न असा : उपचारात चूक झाली म्हणून रुग्णाने दावा लावला, तारखा पडत राहिल्या आणि निकालाआधीच तो रुग्ण वारला, तर पुढे काय? सुनावणी तहकूब होते, एवढे सर्वांना दिसते. ती किती काळ आणि कशासाठी तहकूब राहावी, वारसांच्या हाती काय उरते, आणि माणसासोबत त्याचा दावाही मरतो का, याची उत्तरे मात्र वेगवेगळ्या कायद्यांत आणि निकालांत विखुरलेली आहेत. ती एकत्र पाहिली की दोन गोष्टी स्पष्ट होतात. मृत्यूनंतरची तहकुबी गरजेची आहे, पण तिला नेमके काम आणि ठरलेली मुदत हवी. आणि मृत्यू कशाने झाला यावर दाव्याचे भवितव्य टांगून ठेवणारा आपला जुना नियम आता बदलायला हवा.

हैदराबादचा सोळा वर्षांचा दावा

हैदराबादच्या पंजागुट्टा भागातील निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस, म्हणजे ‘निम्स’, ही आंध्र-तेलंगणातली नावाजलेली संस्था. ऑक्टोबर १९९० मध्ये तिथे एका वीस वर्षांच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यावर शस्त्रक्रिया झाली. छातीत, मणक्याच्या लगत गाठ होती. शस्त्रक्रियेनंतर कमरेखालचे शरीर लुळे पडले, ते कायमचेच. १९९३ मध्ये त्याने राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. आयोगाचा निकाल १९९९ मध्ये लागला, त्यात साडेपंधरा लाख रुपये मंजूर झाले. दोन्ही पक्ष सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ मे २००९ रोजी न्यायालयाने भरपाई एक कोटी रुपयांवर नेली आणि १ मार्च १९९९ पासून सहा टक्के व्याज दिले. तोवर हा तरुण नोकरी करू लागला होता आणि आपली बाजू न्यायालयात स्वतः मांडत होता. ‘निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस विरुद्ध प्रशांत धनंका’ या नावाने हा निकाल आज देशभर दाखल्यादाखल दिला जातो.

निकालातले दोन मुद्दे सर्वपरिचित आहेत. तपासणीपुरत्या शस्त्रक्रियेला दिलेली संमती म्हणजे गाठ काढून टाकायला दिलेली संमती नव्हे, आणि मणक्याजवळची गाठ काढताना मेंदू व मज्जासंस्थेच्या शल्यविशारदाला सोबत घेणे आवश्यक होते. पण आपल्या विषयासाठी महत्त्वाचा आहे तो रकमेचा हिशेब. न्यायालयाने परिचारिकेचा खर्च महिना चार हजार, भौतिकोपचाराचा महिना तीन हजार, चालक-मदतनिसाचा महिना दोन हजार असा धरला आणि प्रत्येकाचा पुढील तीस वर्षांसाठी हिशेब केला. बुडालेले भावी उत्पन्न आणि सोसलेल्या वेदना यांसाठी वेगळ्या रकमा दिल्या. म्हणजे भरपाईचा बराच मोठा भाग पुढच्या आयुष्यासाठी होता.

हा दावेदार निकाल ऐकायला हजर होता. पण तक्रारीपासून अंतिम निकालापर्यंत सोळा वर्षे जाणार असतील, तर सगळेच तसे हजर राहतील असे कोण म्हणेल? लुळेपणात शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा संसर्ग पाठ सोडत नाहीत. ज्याची मूत्रपिंडे निकामी झाली किंवा ज्याच्या मेंदूला इजा झाली, त्याच्या हातात तर मोजकाच काळ असतो. अशा माणसाने आधी दशकभर तग धरावी आणि मग न्याय घ्यावा, हे गृहीतच अन्यायाचे आहे. आणि तो मध्येच गेला, तर वर सांगितलेल्या हिशेबातले नेमके काय उरते?

मृत्यू आधी, दावा नंतर : मळलेली वाट

रुग्ण दावा लावण्याआधीच दगावला असेल, तर कायद्याची वाट जुनी आणि बरीच स्पष्ट आहे. १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याने पती, पत्नी, आई-वडील आणि मुले यांच्यासाठी भरपाईचा दावा लावता येतो. आजी-आजोबा, नातवंडे आणि सावत्र मुलेही त्यात येतात, भाऊ-बहीण येत नाहीत. मुदत मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षे. मृताच्या संपत्तीला बसलेल्या फटक्याची मागणीही त्याच दाव्यात जोडता येते.

या वाटेवरचा एक जुना निकाल महाराष्ट्रातलाच आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याच्या एका रुग्णालयात आणले गेले. भूल न देता, जोर लावून हाड बसवल्याचा ठपका पुढे न्यायालयाने ठेवला. तरुण काही दिवसांतच दगावला. आई-वडिलांनी दावा लावला आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन हजार रुपयांची भरपाई कायम केली. डॉक्टरने रुग्ण स्वीकारला की योग्य काळजी घेण्याचे कर्तव्य त्याच्यावर येते, हे तत्त्व आजही ‘लक्ष्मण जोशी विरुद्ध त्रिंबक गोडबोले’ या निकालावरूनच सांगितले जाते.

दुसरा निकाल औरंगाबादचा. हे शहर १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानातून बनलेल्या राज्यात होते. तिथल्या शासकीय रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये प्रसूतीनंतर एका महिलेवर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली आणि रक्त टिपण्याचे कापड पोटातच राहिले. दुसऱ्यांदा पोट उघडल्यावर ते सापडले, पण ती वाचली नाही. पती आणि मुलांनी लावलेल्या दाव्यात खालच्या न्यायालयाने छत्तीस हजार रुपये दिले. उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला, तेव्हा १९९६ साल उजाडले होते. मध्ये तेहतीस वर्षे गेली.

तिसरा निकाल पुन्हा हैदराबादचा. हिवताप विभागात काम करणाऱ्या व्ही. कृष्ण राव यांच्या पत्नीला जुलै २००२ मध्ये थंडी वाजून ताप आला. निखिल सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलमध्ये तिच्यावर विषमज्वराचे उपचार झाले, आजार मात्र हिवतापाचा होता. ती दगावली. जिल्हा मंचाने दोन लाख रुपये दिले, राज्य आयोगाने तज्ज्ञाचा पुरावा नाही म्हणून ते रद्द केले. ८ मार्च २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा मंचाचा आदेश पुन्हा लागू केला. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाची साक्ष लागतेच असे नाही, चूक उघड दिसत असेल तर घटनाच बोलते, असे न्यायालयाने म्हटले.

तिन्ही प्रकरणांत दावा लावणारे जिवंत होते आणि मृत्यू हाच दाव्याचा पाया होता. म्हणून वारसांचा हक्क आहे की नाही, हा वाद तिथे उद्भवला नाही.

दावा आधी, मृत्यू नंतर : इथे वाट अडते

रुग्णाने स्वतः दावा लावला आणि मग तो वारला, की चित्र बदलते. दिवाणी प्रक्रिया संहितेचा बाविसावा आदेश सांगतो की दावा लावण्याचा हक्क टिकत असेल तर पक्षकाराच्या मृत्यूने दावा संपत नाही. सगळा भार त्या ‘टिकत असेल तर’ वर आहे. हक्क टिकतो की नाही हे ठरवायला न्यायालये भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ३०६ कडे वळतात.

हे कलम म्हणते की माणसाच्या मृत्यूनंतर त्याचे बहुतेक सगळे दावे टिकतात. अपवाद असा : बदनामी, हल्ला आणि ‘मृत्यूस कारण न झालेली अन्य वैयक्तिक इजा’. सोबतचे उदाहरण बोलके आहे. रेल्वेच्या टकरीत एकाला गंभीर इजा झाली, पण ती प्राणघातक नव्हती. पुढे दावा न लावताच तो वारला, तर त्याच्या दाव्याचे कारण त्याच्यासोबत संपले. याच्या मुळाशी इंग्लंडमध्ये रुजलेले सूत्र आहे : वैयक्तिक दावा व्यक्तीबरोबर मरतो.

वैद्यकीय दाव्यात याचे दोन फाटे फुटतात. ज्या चुकीबद्दल दावा आहे तिनेच पुढे मृत्यू ओढवला असेल, तर इजा ‘मृत्यूस कारण’ झाली. अपवाद लागू होत नाही, वारस दावा पुढे चालवू शकतात, आणि मृत्यूमुळे झालेले कुटुंबाचे नुकसानही दुरुस्ती अर्ज करून त्यात आणू शकतात. उलट लुळा पडलेला दावेदार आठ वर्षांनी हृदयविकाराने किंवा रस्त्यावरच्या अपघातात गेला, तर समोरचा वकील उभा राहून म्हणतो की आता दाव्यात काही उरलेच नाही.

यातून सुटकेचे मार्ग न्यायालयांनीच शोधले. ‘मेलेपुरत’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम ३०६ चे तत्त्व सर्व वारसांना लावले, पण एक भेदही केला. दावेदाराच्या बाजूने हुकूमनामा आधीच झाला असेल, तर ती रक्कम त्याच्या संपत्तीचा भाग बनते आणि अपील चालू असताना तो वारला तरी वारस ती राखू शकतात. दावा फेटाळला गेला असेल आणि अपील दावेदाराचे असेल, तर मात्र ते संपते. १९८८ च्या ‘वीरप्पा विरुद्ध एव्हलिन सिक्वेरा’ या निकालात प्रश्न वकिलाच्या व्यावसायिक निष्काळजीपणाचा होता, तरी डॉक्टरांच्या बाबतीतही तो उपयोगी पडतो. दावा केवळ वैयक्तिक इजेचा आहे की कराराच्या भंगातून संपत्तीला झालेल्या नुकसानीचा, हे पाहून हक्क टिकतो की नाही ते ठरेल, असे त्यात सांगितले. पैसे मोजून घेतलेली वैद्यकीय सेवा ही करारातूनच येते. म्हणून ग्राहक आयोगापुढची ‘सेवेतील त्रुटी’ची तक्रार या कसोटीवर दिवाणी दाव्यापेक्षा भक्कम ठरते.

ग्राहक कायद्याने ही वाट आणखी रुंद केली. १९९५ मध्ये ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या निकालाने डॉक्टरांची सेवा या कायद्याखाली आणली. २००२ च्या दुरुस्तीने मृत ग्राहकाच्या वारसाला ‘तक्रारदार’ ठरवले आणि तक्रार चालू असताना कोणी वारले तर बाविसावा आदेश लागू केला. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या कायद्यात या दोन्ही तरतुदी कायम आहेत. मात्र बाविसावा आदेश आला की ‘हक्क टिकत असेल तर’ ही अटही मागून येते. म्हणून वाद पूर्ण मिटलेला नाही.

रस्त्यावरच्या अपघाताने दाखवलेली दिशा

हाच वाद मोटार अपघाताच्या दाव्यांत अनेक वर्षे चालला. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९० मध्ये म्हटले की जखमी दावेदार दुसऱ्या कारणाने वारला तर दावा संपतो. गुजरात उच्च न्यायालयाने २००९ मध्ये संपत्तीच्या नुकसानीचा भाग टिकतो असे ठरवले. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘ओरिएंटल इन्शुरन्स विरुद्ध कहलों’ या खटल्यात हा प्रश्न हाताळला. दावेदार १९९९ च्या अपघातात जायबंदी झाला होता आणि २०१५ मध्ये, अपील पडून असताना वारला. न्यायालयाने म्हटले की निव्वळ त्या व्यक्तीच्या इजेशी निगडित भाग वारसांकडे जात नाही, पण उत्पन्न आणि उपचारांचा खर्च यांमुळे संपत्तीला बसलेला फटका जातो.

संसदेने तर आणखी पुढचे पाऊल टाकले. मोटार वाहन कायद्यात २०१९ ची दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६ चे पाचवे उपकलम लागू झाले. जखमी माणूस वारल्यावर भरपाई मागण्याचा त्याचा हक्क वारसांकडे जातो, मृत्यूचा त्या इजेशी संबंध असो वा नसो. एका वाक्यात अनेक दशकांचा वाद मिटला.

आता दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून पाहा. हैदराबादच्या बाह्यवळणावर ट्रकने उडवलेला माणूस लुळा पडला आणि पाच वर्षांनी क्षयाने गेला, तर त्याच्या पत्नीचा दावा शाबूत. त्याच शहरात शस्त्रक्रियेतल्या चुकीने लुळा पडलेला माणूस पाच वर्षांनी क्षयाने गेला, तर त्याच्या पत्नीला आधी हक्क टिकतो का यावर भांडावे लागणार. इजा तीच, घर तेच, घरावरचे कर्ज तेच. या फरकाला कोणतेही न्याय्य कारण सापडत नाही. ज्या इंग्लंडकडून आपण ‘वैयक्तिक दावा व्यक्तीबरोबर मरतो’ हे सूत्र घेतले, त्यांनी १९३४ च्या कायद्याने ते टाकून दिले. तिथे बदनामी वगळता जवळपास सगळे दावे मृत्यूनंतर टिकतात.

तहकुबीत काय व्हायला हवे

दावेदार गेल्याच्या दुसऱ्या दिवशी साक्षीपुरावा घ्यायला बसणे योग्य नाही, शक्यही नाही. ज्याच्या वतीने वकील उभा होता तोच नाही. तहकुबी मिळालीच पाहिजे, फक्त ती कामासाठी हवी.

पहिले काम वकिलाचे. बाविसाव्या आदेशाच्या नियम १०-अ प्रमाणे पक्षकार वारल्याची माहिती मिळताच न्यायालयाला कळवणे हे त्याचे कर्तव्य आहे, आणि तेवढ्यापुरते त्याचे वकीलपत्र कायम मानले जाते. महाराष्ट्रात त्यासाठी पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, दिली जाते, हैदराबादला मेमो दाखल होतो. दुसरे काम वारसांचे : मृत्यूपासून नव्वद दिवसांत आपली नावे दाखल करण्याचा अर्ज. अर्ज आला नाही तर दावा आपोआप संपुष्टात येतो, न्यायालयाने वेगळा आदेश करावा लागत नाही. त्यानंतर साठ दिवसांत तो पुनरुज्जीवित करण्याचा अर्ज करता येतो, आणि तोही काळ उलटला तर उशिराचे पटणारे कारण देऊन माफी मागता येते.

इथे सर्वोच्च न्यायालयाची भूमिका सहृदय राहिली आहे. मुंबईतून गेलेल्या ‘मिठाईलाल विरुद्ध अन्नाबाई किणी’ या २००३ च्या खटल्यात न्यायालयाने म्हटले की वारस दाखल करण्याच्या अर्जातच दावा पुनरुज्जीवित करण्याची विनंती अंतर्भूत आहे असे मानावे, शब्दांवर अडू नये. २००८ च्या ‘पेरुमन देवस्वम’ निकालात, वर्षानुवर्षे बोर्डावर न आलेल्या अपिलात वारसांकडून झालेल्या उशिराकडे उदारपणे पाहावे असे सांगितले.

तिसरे काम कागदपत्रांचे. तेलंगणात तहसीलदाराकडून कुटुंब सदस्य प्रमाणपत्र मिळते, त्यासाठी मी-सेवा केंद्रात अर्ज करता येतो. मुले अज्ञान असतील तर त्यांच्यासाठी पालक नेमावा लागतो. भावकीत मिळकतीचा वाद असला तरी तो या दाव्यात सोडवायचा नसतो. इथे फक्त मृताची बाजू कोण चालवणार एवढेच ठरते.

चौथे काम सर्वांत नाजूक आहे. मृत्यू आणि मूळ चूक यांचा संबंध आहे का, हे ठरवायचे तर शवविच्छेदनाचा अहवाल लागतो, आणि आपल्याकडे घरातले लोक त्याला सहसा तयार नसतात. काही तासांत अंत्यसंस्कार होतात. नंतर केवळ मृत्यूच्या दाखल्यावरच्या कारणावर भांडण चालते, आणि त्या दाखल्यावर पुष्कळदा ‘हृदयक्रिया बंद पडून’ एवढेच असते. ज्या घरात असा दावा चालू आहे, त्या घराने हा निर्णय आधी बोलून ठेवलेला बरा. ते दुःखद आहे, पण कलम ३०६ मुळे पूर्ण दावा त्या एका अहवालावर तरतो किंवा बुडतो.

एवढी कामे तीन-चार महिन्यांत होण्यासारखी आहेत. युक्तिवाद पूर्ण होऊन फक्त निकाल बाकी असेल तर तेवढीही गरज नाही. बाविसाव्या आदेशाचा सहावा नियम सांगतो की सुनावणी संपल्यावर पक्षकार वारला तरी दावा संपत नाही, निकाल देता येतो. ग्राहक कायद्याने तर तक्रार तीन महिन्यांत, आणि प्रयोगशाळेतली तपासणी लागत असेल तर पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे म्हटले आहे. पुरेसे कारण नोंदवल्याशिवाय तहकुबी देऊ नये, असेही बजावले आहे. दिवाणी संहितेत एका पक्षाला सुनावणीदरम्यान तीनपेक्षा जास्त तहकुब्या नकोत असा नियम आहे. कागदावर हे सर्व आहे. मृत्यूनंतरच्या पहिल्या तारखेलाच न्यायाधीशाने ‘वारसांचा अर्ज अमुक तारखेपर्यंत, दुरुस्ती अमुक तारखेपर्यंत, सामनेवाल्यांचे म्हणणे अमुक तारखेपर्यंत’ असे वेळापत्रक नोंदवले, तर तहकुबीचे रूपांतर विस्मरणात होणार नाही.

गेलेल्या माणसाची साक्ष

वैद्यकीय दाव्यात रुग्ण हाच बहुधा सर्वांत मोठा साक्षीदार असतो. संमतीच्या कागदावर सही घेताना काय सांगितले, शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा काय जाणवले, तक्रार केल्यावर कोण आले आणि कोण आले नाही, हे त्यालाच ठाऊक. त्याची सरतपासणी आणि उलटतपासणी दोन्ही झाली असतील तर मृत्यूनंतरही ती साक्ष वाचली जाते. पूर्वीच्या पुरावा कायद्याचे कलम ३३ आणि १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम २७ याच तत्त्वावर उभी आहेत : समोरच्याला उलटतपासणीचा हक्क आणि संधी होती का? शपथपत्र दाखल झाले आणि उलटतपासणीआधीच माणूस गेला, तर त्या शपथपत्राला किती वजन द्यायचे यावर मोठा वाद होतो.

उपाय कायद्यात आहे, वापरला मात्र कमी जातो. दिवाणी संहितेच्या अठराव्या आदेशाचा सोळावा नियम साक्षीदाराची साक्ष पुरेशा कारणासाठी तातडीने, नेहमीच्या क्रमाआधी नोंदवू देतो. अंथरुणाला खिळलेल्या दावेदारासाठी याहून पुरेसे कारण कोणते? २००२ च्या ‘जे. जे. मर्चंट’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक प्रकरणांत आयुक्त नेमून किंवा दृकश्राव्य माध्यमातून उलटतपासणी घेण्याची मुभा दिली. गंभीर आजारी दावेदाराच्या वकिलाने पहिल्याच महिन्यात असा अर्ज द्यायला हवा.

कागदांचेही तसेच. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपायच्या असतात आणि मागितल्यापासून ७२ तासांत द्यायच्या असतात. केस पेपर, भूल दिल्याची नोंद, परिचारिकांचे तक्ते, संमतीपत्र, सगळे सुरुवातीलाच मागून ठेवले तर पुढे कोणी गेले तरी कागद बोलतात.

फौजदारी बाजू

फौजदारी खटल्याचे गणित वेगळे आहे. पोलिसांनी दाखल केलेला खटला सरकारचा असतो, तक्रारदाराच्या मृत्यूने तो संपत नाही. उलट रुग्ण चुकीमुळेच वारला तर गंभीर दुखापतीचा आरोप बदलून निष्काळजीपणाने मृत्यूचा होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये नोंदणीकृत डॉक्टरसाठी त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मात्र २००५ च्या ‘जेकब मॅथ्यू’ निकालाने निष्काळजीपणा ढोबळ आणि गंभीर असल्याशिवाय डॉक्टरला गुन्हेगार धरू नये असे ठरवले. या खटल्यातून घराला भरपाईची फारशी आशा धरता येत नाही, ती मुख्यतः दिवाणी न्यायालयातून किंवा ग्राहक आयोगातून मिळवावी लागते.

डॉक्टरांची बाजू

डॉक्टरांच्या अडचणी खऱ्या आहेत. दावेदार गेल्यावर त्याची उलटतपासणी घेण्याची संधी कायमची जाते. वारस दुरुस्ती अर्जाने मृत्यूचा नवा आरोप जोडतात, तेव्हा उत्तर द्यायला आणि तज्ज्ञाचे मत घ्यायला त्यांना वेळ हवाच. जो माणूस हयात नाही त्याच्या पुढील तीस वर्षांच्या परिचारिकेचा खर्च मागणेही बरोबर नाही, तो भाग मृत्यूच्या तारखेला थांबला पाहिजे. आणि मृत्यू डॉक्टरलाही येतो. कोलकात्याच्या प्रसिद्ध कुणाल साहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सुमारे सहा कोटी रुपये आणि व्याज दिले. त्यातील एक डॉक्टर मधल्या काळात वारले आणि तक्रारदाराने त्यांच्या वाट्याची रक्कम सोडून दिली. डॉक्टरच्या वारसांवर बोजा आलाच तर तो त्यांना मिळालेल्या मिळकतीपुरताच असतो, त्यांच्या स्वतःच्या कमाईवर नसतो.

पण या अडचणींवर उत्तर आहे ते रकमेच्या मोजमापात आणि पुराव्याच्या वजनात. दावाच पुसून टाकणे हे त्याचे उत्तर नाही. तसे केले तर उशीर करणाऱ्याला बक्षीस मिळते. दावेदार जितका जास्त आजारी, तितका त्याच्या मृत्यूपर्यंत तारखा लांबवण्यात समोरच्याचा फायदा. चुकीने ज्याला सर्वांत जास्त इजा केली त्याच्याच विरोधात काम करणारा नियम टिकवण्यात कोणाचेच हित नाही, प्रामाणिक डॉक्टरांचे तर मुळीच नाही.

काय बदलायला हवे

आज ज्यांच्या घरात असे प्रकरण आहे त्यांनी एक गोष्ट जरूर लक्षात घ्यावी. २०१९ च्या ग्राहक कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. हैदराबादला उपचार घेतलेल्या नांदेडच्या कुटुंबाला दर तारखेला हैदराबाद गाठण्याची गरज नाही, तक्रार नांदेडच्या जिल्हा आयोगात लावता येते. मुदत दोन वर्षांची आहे. घरचा कर्ता अंथरुणावर असताना किंवा तो गेल्यानंतर हा फरक फार मोठा ठरतो.

न्यायालयांनी आणि आयोगांनी गंभीर आजारी दावेदारांची प्रकरणे वेगळी काढून त्यांची साक्ष प्रथम नोंदवावी. मृत्यूची पुरसीस आली की त्याच दिवशी पुढचे वेळापत्रक ठरवावे.

आणि संसदेने मोटार वाहन कायद्यात जे वाक्य घातले, तेच वाक्य ग्राहक संरक्षण कायद्यात आणि उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३०६ मध्ये घालावे : इजेबद्दल भरपाई मागण्याचा हक्क मृत्यूनंतर वारसांकडे जाईल, मृत्यूचे कारण काहीही असो. त्यासाठी नवे मंडळ नको, नवा निधी नको, वर्षानुवर्षांचा अभ्यासही नको. शब्द तयार आहेत आणि १ एप्रिल २०२२ पासून देशभर लागू आहेत. रस्त्यावर जखमी झालेल्या माणसाच्या कुटुंबाला जो न्याय आपण मान्य केला, तो रुग्णालयात जखमी झालेल्याच्या कुटुंबाला नाकारणे आता थांबवावे.